साडूभाऊ आणि उलटं घर

काल साडूभाऊंनी घरातल्या सगळ्यांसमोर जाहीर केलं की मी घर उलटं बांधलंय. आणि चीड याची की ते बरोबर होतं.

झालं असं, जुन्या लॅपटॉपवर लेगोच्या विटांचं एक दुमजली घर मी तीन महिने खपून डिझाईन केलेलं. नवा लॅपटॉप आला. जुनं सॉफ्टवेअर ३२-बिट, कंपॅटिबिलिटी मोडमध्ये रडतखडत उघडलं, पण विटा काळ्याठिक्कर आणि मेन्यूतली अक्षरं मुंगीएवढी. शेवटी फाईलच्या नावामागे झिप लावून ती फोडली, तर आत मजकुराची एक फाईल आणि माझ्या घराचा टपाल तिकिटाएवढा फोटो. तीन महिन्यांचं उरलेलं एवढंच!

मग एलड्रॉ, लेगोच्या विटा कॉम्प्युटरवर रचायचं सॉफ्टवेअर. १९९५ साली जेम्स जेसिमन नावाच्या माणसाने सुरू केलेलं, फुकट, आणि आजही चालतं. त्यात एक वीट म्हणजे मजकुराची एक ओळ, रंग, जागा, फिरवणी आणि शेवटी विटेचा नंबर, दोन बाय चारची वीट ३००१. म्हटलं जुन्या फाईलमधले आकडेच तर उचलायचेत, त्यात काय. उचलले.

तेवढ्यात साडूभाऊ मागे येऊन उभे. आयुष्यभर बांधकामावर सुपरवायझर, त्यामुळे वीट दिसली की थांबायचंच.

"हे काय, छप्पर खाली?"

"सॉफ्टवेअरचा घोळ आहे."

"सॉफ्टवेअर नंतर. पाया कुठाय तुमचा?"

"वर."

"वर!" ते खुर्ची ओढून बसलेच. "आणि विटा मात्र सरळ आहेत हो. एकेक वीट सरळ आणि घर उलटं, असं काम मी चाळीस वर्षांत पाहिलं नाही. मिस्त्री कोण?"

"मीच."

"मग पैसे देऊ नका."

बायको हसली. मुलगा हसला. मी हसलो नाही, कारण तोवर मला कळलं होतं की एलड्रॉमध्ये वाय अक्ष खाली जातो, म्हणजे वर चढायचं तर आकडा मायनस. हे कोणी सांगायचं? आणि खरा राग वेगळाच आहे, १९५८ सालची प्लास्टिकची वीट आजच्या विटेवर टक्कन बसते, आणि माझी परवापरवाची फाईल माझ्याच लॅपटॉपवर बसत नाही, याला काय म्हणायचं? प्लास्टिकवाल्यांना जमतं ते कोडवाल्यांना का जमू नये, सांगा.

रात्री दीडपर्यंत बसून सगळ्या वायना मायनस लावला. घर सरळ! पाया खाली, छप्पर वर. लगेच साडूभाऊंना फोटो पाठवला.

सकाळी सातला फोन. "छान झालंय हो," म्हणाले, "पण दार मागच्या बाजूने का काढलंत?"

झेडलाही मायनस लावायचा होता.