‘सगळे बोल्ट स्टेनलेसचे टाका’ म्हणणाऱ्यांना उत्तर

जुन्या गाड्या दुरुस्त करून पुन्हा उभ्या करणाऱ्यांमध्ये सध्या एक सल्ला फार फिरतोय. त्याचं सार असं: गाडी खोलली की जुने नट-बोल्ट भंगारात टाका आणि बॉडीला सगळे नवे स्टेनलेसचे लावा. ते ओरिजनलपेक्षा मजबूत असतात, कधी गंजत नाहीत. आटे जवळपास सारखेच असतात, जुळले नाहीत तर टॅप (आटे कापायचं हत्यार) मारा. कंपनीचे बोल्ट तसेही मिळत नाहीत, आणि लावले तरी बघतंय कोण? या सल्ल्यापायी धडधाकट गाड्यांचे पत्रे वाया जाताना दिसतात, म्हणून त्यातला एकेक मुद्दा घेतो.

आधी मजबुती. बोल्टच्या डोक्यावर ८.८ हा ताकदीचा ग्रेड कोरलेला असेल तर तो साधारण ८०० मेगापास्कल ताणाला तुटतो आणि ६४० च्या आसपास कायमचा लांबायला लागतो. बाजारातला नेहमीचा स्टेनलेस बोल्ट ए२-७० जातीचा असतो. तो ७०० ला तुटतो आणि ४५० लाच लांबायला लागतो. म्हणजे ८.८ च्या जागी ‘जास्त मजबूत’ हे सरळ सरळ खोटं आहे. मडगार्ड, ग्रिल, नंबरप्लेट इथले मूळ बोल्ट हलक्या ग्रेडचेच असत, तिथे स्टेनलेस ताकदीला पुरतो, हे मान्य. पण दाराच्या बिजागऱ्या, बंपरचे ब्रॅकेट, बॉडी चासीवर धरून ठेवणारे बोल्ट या जागी मूळ ग्रेड बघूनच बोल्ट घ्यायला हवा. आणि सीटबेल्टच्या बोल्टशी तर अजिबात खेळू नये. तो जगभर, अगदी मेट्रिक (मिलिमीटर मापाच्या) गाड्यांतही, बहुधा ७/१६ इंची, इंचात २० आट्यांचा यूएनएफ (बारीक आट्यांचा इंची प्रकार) असतो, आपल्या भाषेत साडेतीन सुती; सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्या भोकात जवळपासचा मेट्रिक स्टेनलेस बोल्ट कोंबणं म्हणजे माणसाच्या जिवाशी खेळ.

‘गंजत नाही’ हे बोल्टपुरतं खरं. त्याच्या शेजाऱ्याचं काय? स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम एकत्र आले, वर मुंबई-कोकणातली खारी हवा, की ॲल्युमिनियमची पट्टी भोकाभोवती पांढरी भुकटी होऊन झडायला लागते. साध्या पत्र्याला हा त्रास कमी. पण बोल्ट आवळताना वॉशरखालचा रंग सोलला गेला, तर तेवढाच उघडा ठिपका सगळा मार खातो आणि गंज रंगाखालून पसरतो. शिवाय स्टेनलेस नटात स्टेनलेस बोल्ट एअरगनने आवळला की आटे एकमेकांना चिकटून जाम होतात. पुढच्या वेळी तो पिळून तुटतो. केज-नट (पत्र्याच्या पिंजऱ्यात धरलेला नट) बॉडीच्या बंद खोक्यात असेल तर मग पत्रा कापण्यावाचून इलाज नाही. स्टेनलेस लावायचाच असेल तर आट्यांना अँटी-सीझ (आटे चिकटू न देणारी) पेस्ट लावा आणि हाताने आवळा.

आता सगळ्यात घातक वाक्य: ‘आटे जवळपास सारखेच असतात, टॅप मारा.’

कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी मुळात इटालियन फियाट, त्यामुळे मेट्रिक. अँबॅसडर मूळची मॉरिस ऑक्सफर्ड, तिचे आटे इंची. पण १९९२ नंतरच्या इसुझू इंजिनाच्या अँबॅसडरमध्ये बॉडी इंची आणि इंजिन मेट्रिक. महिंद्राच्या जीपचंही तेच: विलिस या अमेरिकी कंपनीची इंची बॉडी, आणि पुढे आलेलं प्यूजो डिझेल इंजिन मेट्रिक. एमजी टीसी-टीडी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्यांची गोष्ट तर अजब आहे. एमजीला इंजिनं पुरवणाऱ्या मॉरिसने १९२३ मध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा कारखाना घेतला, तिथली यंत्रं मेट्रिक होती. म्हणून या गाड्यांच्या इंजिनाचे आटे मेट्रिक, पण बोल्टची डोकी व्हिटवर्थ (ब्रिटिशांचं जुनं इंची माप) पान्याची. ‘ब्रिटिश गाडी म्हणजे इंची’ एवढ्या ज्ञानावर टॅप उचलणारा तिथे इंजिनच खराब करील.

अडीच सुती बोल्ट हातात घ्या. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी, एम८ (८ मिमी मेट्रिक) च्या इतका जवळ की डोळ्यांना फरक कळत नाही. त्याचं डोकं अर्ध्या इंचाचं, म्हणजे १२.७ मिमी, म्हणून १३ नंबरचा पाना त्यावर बसतोही, थोडा ढिला. पण यूएनएफला इंचात २४ आटे, एम८ ला जेमतेम २०. एम८ चा बोल्ट एक-दोन फेरे आत जातो आणि अडतो. इथे टॅप मारला की जुने आटे अर्धे कापले जातात, नवे अर्धेच पडतात, आणि पत्र्याला वेल्ड केलेला नट कायमचा निकामी होतो. पाव इंची व्हिटवर्थ आणि यूएनसी (जाड आट्यांचा इंची प्रकार) या दोघांनाही इंचात २०च आटे, पण एकाचा कोन ५५ अंश, दुसऱ्याचा ६०. बोल्ट आत जातो, पकड मात्र धरत नाही. थ्रेड गेज (आटे मोजायची दातेरी पट्टी) फार महाग नाही, तो लावल्याशिवाय टॅपला हात लावू नका.

‘बघतंय कोण?’ बघणारे बघतात. महायुद्धातल्या फोर्ड जीपीडब्ल्यू जीपच्या बोल्टांवर कोरलेला ‘एफ’ अक्षराचा शिक्का हीच विलिसच्या तशाच जीपपासून तिची एक वेगळी ओळख आहे. १९३५ सालच्या गाडीवर फिलिप्स स्क्रू दिसला की जाणकाराला कळतं, तो नंतरचा आहे, कारण ते स्क्रू गाड्यांत आले १९३६ मध्ये. आणि दिसण्यापलीकडेही मूळ बोल्टला कामं असतात. कारखान्यातल्या कित्येक बॉडी-बोल्टांच्या टोकाला बिनआट्याचा, निमुळता तुकडा असतो. त्यामुळे नट किंचित तिरका असला तरी बोल्ट सरळ आत शिरतो. दातेरी वॉशर रंग खरवडून पत्र्याला विजेचं अर्थिंग मिळवून देतात. ते काढून चकचकीत सपाट वॉशर लावा, आणि हेडलाइट मिणमिणला की आठवडाभर वायरिंग तपासत बसा.

राहिला ‘मिळत नाहीत’ हा मुद्दा. सगळे मिळतात असं मी म्हणणार नाही. पण निम्मे तर तुमच्या गाडीतच असतात, तेच तुम्ही भंगारात घालताय. खोलताना प्रत्येक पॅनेलचे बोल्ट, वॉशर आणि शिम (फट जुळवायच्या पातळ चकत्या) वेगळ्या पिशवीत भरून चिठ्ठी लावा. शिम कुठून किती निघाले ते लिहिलं नाही तर दाराची फट पुन्हा जुळवताना नाकी नऊ येतात. गंजलेले बोल्ट साफ करून झिंक प्लेटिंगला देता येतात, फक्त १०.९ किंवा त्यावरच्या ग्रेडचे असतील तर प्लेटिंगवाल्याला आधी सांगा. ॲसिड आणि प्लेटिंगमध्ये पोलादात हायड्रोजन शिरतो, आणि लगेच २०० अंशांच्या आसपास काही तास भाजले नाहीत तर असे बोल्ट आवळल्यावर अचानक तुटतात. काही जुन्या बोल्टांवर कॅडमियमचा मुलामा असतो, ते गॅसने तापवू नका, धूर विषारी असतो.

उरलेल्यांसाठी मुंबईत नागदेवी स्ट्रीट, कुर्ल्याचा सीएसटी रोड, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार. नमुना खिशात हवाच. ‘जीपचा बोल्ट द्या’ म्हणालात तर समोर येईल तो एम८. ‘अडीच सुती, २४ आटे, पाऊण इंच लांब, डोक्यावर तीन रेघा’ असं मागा. तीन रेघा म्हणजे अमेरिकी ग्रेड ५, ताकदीला ८.८ च्या तोडीचा. दुकानदार आतल्या खोलीतला जुना डबा काढायला उठतो तो असं मागितल्यावरच.