बडोदेकरांनो, मराठी डिस्क भंगारात देऊ नका

दिवाळीची आवराआवर सुरू झाली आणि ओळखीच्या घरांतून एकच विचारणा यायला लागली: त्या जुन्या व्हीसीडी-डीव्हीडींचं काय करायचं? प्लेअर कधीच बिघडला, सगळं तर मोबाइलवर मिळतं, मग कपाट कशाला अडवायचं? प्रत्येकीला फोनवर वेगळं सांगण्यापेक्षा इथेच लिहिते. टाकू नका. हिंदीचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, पण मराठी डिस्क टाकू नका.

मुळात ‘सगळं मिळतं’ हे खरं नाही. गाजलेले मराठी सिनेमे मिळतात, ठीक आहे. पण व्हीसीडीच्या काळात मराठी नाटकांची जी चित्रीकरणं निघाली, त्यांतली कितीतरी आज कुठल्याच ॲपवर नाहीत. यूट्यूबवर सापडलं तर ते कुणीतरी घरच्या डिस्कवरून चढवलेलं असतं, दुसरा अंक मध्येच तुटलेला. हक्कदाराने तक्रार केली की तेही जातं. ॲपवाल्यांनी रीतसर आणायचं म्हटलं तर लेखक, निर्माता, संगीतकार सगळ्यांची परवानगी लागते. जुन्या करारात इंटरनेटचं नावच नसतं, नाट्यसंस्था बंद झालेली असते, वारस चार गावांत पांगलेले. एवढा खटाटोप करून कमाई किती होणार? म्हणून कुणी त्या वाटेला जात नाही.

आपल्याला, महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांना, हे जास्त लागतं. पुण्या-मुंबईत चुकलेल्या नाटकाचा पुढचा प्रयोग गाठता येतो. इथे गांधी नगरगृहात नाटक लागलं तर लागलं, नाहीतर दादरहून येणाऱ्या पाहुण्याला ‘येताना एखाद्या नाटकाची डिस्क आण रे’ म्हणून सांगायचं. दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या मराठी घरांत या डिस्क अशाच जमल्या.

माझ्याकडे आत्याकडून आलेली एका नाटकाची व्हीसीडी आहे. एका डिस्कवर साधारण ७४ मिनिटंच मावतात, त्यामुळे दुसऱ्या अंकात नायिका बोलता बोलता थांबते आणि आपण उठून दुसरी डिस्क घालायची. चित्र ३५२ × २८८ ठिपक्यांचं, आजच्या मोठ्या टीव्हीवर चेहरे पुसट दिसतात. पण प्रेक्षागृहातला हशा आहे, पहिल्या रांगेतला खोकला आहे, प्रवेश संपल्यावर पडलेली टाळी आहे. वेष्टनावर ऑर्गनवर कोण, तबल्यावर कोण, रंगभूषा कुणाची, सगळी नावं बारीक अक्षरांत छापलेली. त्यातले मुख्य नट आता हयात नाहीत. मी हे नाटक इंटरनेटवर पुष्कळ शोधलं, कुठेही नाही.

आणि विकत घेतलं म्हणजे आपलं झालं, हेही आता उरलेलं नाही. एका ॲपवर मी पूर्ण किंमत मोजून ‘खरेदी’ केलेला सिनेमा एक दिवस यादीतून गायब झाला. तक्रार केली तर उत्तर आलं की आमचा करार संपला. माझे पैसे गेले, सिनेमाही गेला. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे की डिजिटल वस्तू विकताना ग्राहकाला मालकी मिळत नाही, फक्त वापरायचा परवाना मिळतो, हे स्पष्ट सांगायचं. आपल्याकडेही हे सक्तीचं व्हायला हवं. २०२४ च्या जानेवारीत एक तमिळ सिनेमा वादानंतर नेटफ्लिक्सवरून उतरवला गेला. तो बरा की वाईट हे मला ठरवायचं नाही. पण घरातली डिस्क असं कुणी काढून नेऊ शकत नाही.

डिस्क बनवणाऱ्या मोझर बेअर कंपनीने २००७ च्या सुमारास व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली, तेव्हा पहिल्यांदा साध्या नोकरदाराला घरात सिनेमांचा संग्रह परवडला. २०१६ मध्ये जानेवारीत नेटफ्लिक्स आलं, सप्टेंबरात जिओ आलं आणि दुकानं मिटायला लागली. २०१८ मध्ये मोझर बेअरच अवसायनात गेली, म्हणजे कंपनी गुंडाळायचा आदेश निघाला. खुद्द नेटफ्लिक्सने अमेरिकेत टपालाने डीव्हीडी पाठवणं २९ सप्टेंबर २०२३ ला थांबवलं. सोय झाली हे मी नाकारत नाही, मीही रोज पाहते. पण सोय झाली म्हणून ठेवा फेकायचा नसतो.

हे बडोद्यात सांगावं लागतं याचं मला फार वाईट वाटतं. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथालयतज्ज्ञ बोर्डन यांना बोलावून राज्यभर ग्रंथालयं उभी केली. लाकडी पेट्यांतून पुस्तकं खेड्यापाड्यांत जायची. त्याच ग्रंथालय खात्याची एक शाखा गावोगावी फुकट चित्रपट दाखवायची. दादासाहेब फाळके शिकले तेही इथल्या कलाभवनात. सिनेमा हाही ग्रंथालयाने सांभाळायचा ऐवज आहे, हे या शहराला शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. मग आज आपल्या मराठी संस्थांच्या वाचनालयांत डिस्कचं एक कपाट आणि एक चालू प्लेअर का नसावा?

कायद्याची एक अडचण आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी डिजिटल प्रत ठेवू देतं, पण ग्रंथालयाकडची मूळ प्रत डिजिटल नसेल तरच. म्हणजे जुनी व्हिडिओ कॅसेट त्यात बसते, व्हीसीडी मुळातच डिजिटल म्हणून बसत नाही. ही सवलत वाढवून घ्यायला हवी आणि ही मागणी साहित्य संस्थांनी लावून धरायला हवी. तोवर मूळ डिस्क टिकवणं एवढंच आपल्या हातात आहे.

टिकवायची कशी ते सांगते. व्हीसीडीची नाजूक बाजू छापील असते, चकचकीत नव्हे, कारण माहितीचा थर छपाईच्या लगेच खाली असतो. तिच्यावर बॉलपेनने लिहू नका, स्टिकर चिकटवू नका. मऊ प्लास्टिकच्या पाकिटांतून काढून कडक डबीत उभ्या ठेवा. मे महिन्यात माळ्यावर तर मुळीच नको. पुसताना मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नाही. प्लेअर नसेल तर यूएसबीवर चालणारा डीव्हीडी ड्राइव्ह अजून मिळतो, तो लॅपटॉपला लावा.

ज्यांना ठेवायच्याच नाहीत त्यांनी मला मेसेज करा, मी घरी येऊन घेऊन जाईन. येण्याआधी वेष्टनाच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवा, म्हणजे नावांची यादी करता येईल. आणि कुणाच्या वाचनालयात एक रिकामं कपाट असेल तर तेही कळवा.