मला विचारलंस का?

"तुलाही कंटाळाच असेल, म्हणून 'येत नाही' असं सांगून टाकलं." माझ्या मावसबहिणीचं केळवण, आणि माझं उत्तर नवरा परस्पर देऊन मोकळा! घोडबंदर रोडच्या या घरात १२ वर्षं एकत्र राहतोय. अजून याला वाटतं, त्याला कंटाळा आला की मलाही येतो.

रविवारी त्याला लोळायचं असतं, म्हणून मीही दमलेली. मला तलावपाळीला एक चक्कर मारायची असेल, हे मनातही येत नाही? त्याला उकडतं म्हणून पंखा पाचवर, मी चादरीत कुडकुडतेय.

आई आयसीयूत होती तेव्हा तर कहर झाला. रात्री अकराला घरी आले आणि चप्पलही न काढता सोफ्यावर बसून राहिले. याने पाहिलं, दिवा मालवला आणि आत निघून गेला. का? तर त्याला स्वतःला अशा वेळी एकटं राहावंसं वाटतं! अरे, मला कुणीतरी जवळ हवं होतं. पाणी विचारायचंस. हात धरायचास.

१९७७ मध्ये मानसशास्त्रज्ञ ली रॉस आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना विचारलं होतं, अंगावर जाहिरातीचा फलक अडकवून कॅम्पसमध्ये फिराल का? हो म्हणणाऱ्यांना वाटलं, बहुतेक जण हो म्हणतील. नाही म्हणणाऱ्यांना वाटलं, बहुतेक नाहीच म्हणतील. तिथे निदान इतर विद्यार्थ्यांचा अंदाज बांधायचा होता. मी शेजारच्या उशीवर आहे! मान वळवून विचारायला काय जातं?

मावशीला आत्ताच फोन केलाय. केळवणाला मी येतेय.