नाव कोण लिहिणार?

विषय निघाला नान्याच्या पुतण्यावरून. पोरगा अमेरिकेत शिकायला गेलाय. तिथं त्याच्याकडून लेखी घेतलं: कॉपी करणार नाही, आणि दुसरा कुणी करताना दिसला तर कळवीन.

“पहिलं ठीक आहे रे,” नान्या म्हणाला, “पण दुसरं म्हणजे सरळ चहाडी.”

मास्तर उसळले. उभी हयात पर्यवेक्षण केलेला माणूस. “चहाडी कसली? अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात 1893 मध्ये पोरांच्या शब्दावर परीक्षा घ्यायची पद्धत आली. पेपर वाटून प्राध्यापक बाहेर जायचे. मग आत लक्ष कोण ठेवणार? आपल्याकडे बैठं पथक, भरारी पथक, वर 1982चा कायदा, तरी खिडकीतून चिठ्ठ्या येतातच ना?”

“म्हणजे पोरं पर्यवेक्षक, तेही बिनपगारी,” पक्या म्हणाला. मग मास्तरांना मानधन किती कमी मिळायचं यावर पाच मिनिटं गेली. ती गाळतो.

मी वेस्ट पॉइंटचं, म्हणजे अमेरिकी लष्कराच्या अकादमीचं काढलं. तिथला नियम असा की कॅडेट खोटं बोलणार नाही, फसवणार नाही, चोरी करणार नाही, आणि असं करणाऱ्याला खपवूनही घेणार नाही. 1976 मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचा पेपर खोलीवर सोडवायला दिला, तर कितीतरी जणांची उत्तरं जुळली. 150हून जास्त कॅडेट बाहेर गेले. मग अंतराळवीर फ्रँक बोरमन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला, आणि पुष्कळांना परत यायची संधी मिळाली.

“तेव्हा तिथं शिक्षा एकच होती, हकालपट्टी,” मी म्हणालो. “एका गणितात बघून लिहिलं म्हणून मित्राला घरी पाठवायचं? कोण तोंड उघडेल? व्हर्जिनिया विद्यापीठातही तसंच होतं. शेवटी 2022 मध्ये पोरांनीच मतदान करून ते बदललं. शिक्षा बेताची असेल तर सांगणारे निघतील.”

“आणि तोवर ज्यानं रात्र जागून अभ्यास केला त्याचं काय?” पक्या तापला. “तिथं काही विषयांत ग्रेड बाकीच्या वर्गाशी ताडून देतात. शेजारी चोरून वर चढला की हा खाली. म्हणजे खिसा याचाच कापला ना?”

नान्या जरा वरमला. “मग त्याला तोंडावर सांगावं. कार्यालयात कशाला जायचं?”

अॅनापोलिसच्या नौदल अकादमीत ही सोय आहे खरी. आधी त्याला स्वतः जाब विचारता येतो, तक्रार केलीच पाहिजे असं नाही. मला हे सगळ्यात माणसासारखं वाटतं. मास्तरांना नाही. “एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं. तिसऱ्यांदा?”

कुणी बोलेना. मग पक्यालाच आठवलं.

“नान्या, पाचवीत मॉनिटर तूच होतास ना? बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचास.”

“लिहायचो. पण चिंचा दिल्या की पुसायचो.”

“माझं नाही पुसलंस कधी!”

“तू बोरं द्यायचास. तीही किडकी.”