सेट झालाय, पण सेट नाही

भाचा सेट पास झाला. म्हणजे कॉलेजात प्राध्यापक व्हायला लागते ती राज्याची पात्रता परीक्षा, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं ती. पेढे द्यायला गेलो, तर मावशीचा पहिलाच प्रश्न : "म्हणजे आता सेट झाला ना गं पोरगा?"

ताई म्हणाली, "सेट झालाय गं मावशी, पण सेट कुठे झालाय! अजून तासिका तत्त्वावरच शिकवतोय."

मावशी पेढा हातात धरून बसली. तेव्हापासून हा शब्द माझ्या डोक्यातून जात नाहीये.

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या २० खंडी आवृत्तीत सगळ्यात लांबलचक नोंद या एवढ्याशा शब्दाची होती. नुसत्या क्रियापदाचे चारशेहून जास्त अर्थ! पुढे 'रन'ने त्याला मागे टाकलं. 'रन' या क्रियापदाचे अर्थ निघाले ६४५, आणि ते निवडता-लावता पीटर गिलिव्हर या कोशकाराचे नऊ महिने गेले. (आमच्याकडे तेवढ्या वेळात दुसरं काही होतं.)

पण मला गंमत वाटली ती वेगळीच. 'सिट' म्हणजे बसणं आणि 'सेट' म्हणजे मुळात बसवणं. आपल्या बसणे-बसवणे या जोडीसारखंच. हे कळलं आणि एकेक कुलूप उघडत गेलं. अंगठीत खडा सेट करतात, आपण बसवतो. निखळलेलं हाड सेट करतात, आपण बसवतो. जमही बसतो, घडीही बसते. आणि मावशीला जे विचारायचं होतं त्याला आपल्याकडे झकास शब्द आहे, बस्तान! एवढंच काय, 'सिट' आणि 'सदन', 'संसद' यांतला संस्कृत 'सद्' धातू हे एकाच कुळातले.

चहाच्या सेटमधला सेट मात्र दुसऱ्याच घरचा. तो फ्रेंचमधून आला, थेट लॅटिनमधल्या पंथ-संप्रदाय अर्थाच्या शब्दावरून. म्हणजे शोकेसमधल्या आपल्या सहा कपबशा हा मुळात एक संप्रदाय. एक कप फुटला की घरात जी शोककळा पसरते ती बघता पटतंही.

मी शुद्धिवादी नाही. टीव्ही सेट, मालिकेचा सेट, जिममधले तीन सेट, सगळं चालू द्या. 'सेटिंग' तर आपलंच. "त्याची वर सेटिंग आहे" हे लंडनच्या माणसाला सांगून बघा, तो वर पंखा शोधेल. माझी तक्रार दह्यापुरती आहे. रेसिपीच्या व्हिडिओत ताई सांगतात, "दही सेट व्हायला ठेवा." अहो, दही लागतं! कोमट दुधात चमचाभर विरजण घालायचं, हलवायचं नाही, थंडीत पातेल्याला टॉवेल गुंडाळायचा. सकाळी पातेलं कलतं करून बघायचं, हललं नाही तर लागलं. सेट सिमेंट होतं.

कॉमेंटमध्ये "मग सेट डोसा?" असं कुणीतरी विचारणारच. तो खुशाल खा, तो बहुतेक कपबशांच्या संप्रदायातला.

परवा मावशीचा फोन आला. सेट शब्द टाळायचा म्हणून तिनं जरा विचार केला असावा. म्हणाली, "काय गं, पोराला लागली का?"