पेन्शन परत करा म्हणणाऱ्यांना एका गनरचं उत्तर

गेल्या आठवड्यात एकच मेसेज मला चार ग्रुपांवरून आला. सोसायटीच्या, भाऊबंदांच्या, सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या, आणि कहर म्हणजे आमच्या माजी सैनिकांच्याही. मजकूर थोडक्यात असा: "युद्ध नको असेल तर आर्थिक निर्बंध हा सभ्य मार्ग आहे. एक गोळी न झाडता, एक जीव न घेता शत्रू गुडघे टेकतो. अन्न आणि औषधं तर वगळलेलीच असतात. उपाशी जनता स्वतःच हुकूमशहाला खाली खेचते. दक्षिण आफ्रिकेत हेच झालं. आणि ज्या माजी सैनिकांना युद्धही नको नि निर्बंधही नकोत, त्यांनी आधी पेन्शन परत करावी." खाली तिरंगा, जोडलेले हात, आणि जास्तीत जास्त शेअर करण्याची विनंती.

शेवटचं वाक्य मला उद्देशून आहे हे न कळण्याइतका मी भोळा नाही. मागच्या महिन्यात कट्ट्यावर मीच निर्बंधांविरुद्ध तोंड उघडलं होतं. तेव्हा एकेक वाक्य घेऊ.

आधी मी कोण ते सांगतो. मी तोफखान्यातला. नाशिकरोड कॅम्पात रंगरूट म्हणून उभा राहिलो तेव्हा मिसरूडही नीट फुटलं नव्हतं, नायब सुभेदार होऊन बाहेर पडलो. मधला बराच काळ ओपी पार्टीत रेडिओवर गेला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: तोफ चालवणाऱ्याला निशाण दिसत नसतं. तोफ डोंगराच्या अलीकडे, निशाण कित्येक किलोमीटर पलीकडे. पुढे एखाद्या कड्यावर ओपी, म्हणजे निरीक्षण चौकी, बसलेली असते. गोळा कुठे पडला ते ती बघते आणि मागे सांगते, लेफ्ट पन्नास, ड्रॉप दोनशे, म्हणजे पन्नास मीटर डावीकडे, दोनशे अलीकडे. कधी एकच शब्द येतो, स्टॉप. तो आला की बॅटरीतलं, म्हणजे तोफांच्या तुकडीतलं, कुणी 'का' म्हणून विचारत नाही.

१९९९ च्या उन्हाळ्यात द्रासला आमच्या तोफा रात्रंदिवस चालल्या. आपल्या हद्दीत घुसून कड्यांवर बसलेल्यांवर आम्ही गोळे टाकले, त्यांची रसद तोडली. त्याबद्दल आज मला झोप लागत नाही असं काही नाही. ज्यांचे मृतदेह त्यांच्याच सरकारने नाकारले, त्यांना आपल्या पलटणींनी त्यांच्या धर्माप्रमाणे दफन केलं, हेही त्याच युद्धातलं. म्हणजे मी काही अहिंसेचं व्रत घेतलेलं नाही. माझा आक्षेप एवढाच आहे की ज्याच्या हातात शस्त्र नाही त्याच्यावर जाणूनबुजून नेम धरायचा नाही. तो तोफेने धरला काय आणि बंदराला कुलूप लावून धरला काय.

आता "एक जीव न घेता". निर्बंधांची जगभर वकिली करणारा पहिला मोठा पुढारी अमेरिकेचा अध्यक्ष विल्सन. १९१९ मध्ये राष्ट्रसंघाचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या संघटनेचा, प्रचार करत फिरताना त्याने या उपायाचं वर्णन शांत, मूक आणि प्राणघातक असं केलं होतं. प्राणघातक हा त्याचाच शब्द, आणि तो त्याने कौतुकाने वापरला. कारण परिणाम त्याच्यासमोर होता. पहिल्या महायुद्धात ब्रिटनने जर्मनीची समुद्रावरून नाकेबंदी केली होती. ११ नोव्हेंबर १९१८ ला तोफा थांबल्या. नाकेबंदी थांबली नाही. तह पदरात पाडून घेईपर्यंत ती पुढे चालू ठेवली, धान्याची जहाजं सुटायला मार्च उजाडला आणि ती पूर्ण उठली जुलै १९१९ मध्ये. शत्रूने हत्यार खाली ठेवल्यावर आठ महिने. आमच्याकडे स्टॉप आल्यावर कुणी एक गोळा जरी टाकला असता तरी कोर्ट मार्शल झालं असतं.

"अन्न आणि औषधं वगळलेली असतात." या वाक्यापाशी मी जरा जास्त थांबणार आहे, कारण मेसेजातलं हे सगळ्यात गोड वाक्य आहे आणि सगळ्यात खोटंही. कागदावर ते खरं आहे. इराकने कुवेत गिळलं तेव्हा ६ ऑगस्ट १९९० ला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ६६१ क्रमांकाचा ठराव केला. त्यात औषधं वगळली होती, आणि मानवतेच्या दृष्टीने गरज असेल तिथे अन्नही. पण इराक आपलं बहुतेक अन्न बाहेरून विकत आणायचा, तेल विकून. तेल विकायला बंदी, परदेशातला पैसा गोठवलेला. म्हणजे रेशनचं दुकान उघडं ठेवायचं आणि गिऱ्हाइकाचा खिसा कापायचा.

त्यात कुवेत सोडवायच्या युद्धात, १९९१ च्या बॉम्बफेकीत वीजकेंद्रं गेली होती. वीज नाही म्हणजे पंप नाहीत, मैलापाणी शुद्ध करणं नाही. पाण्यात टाकायचं क्लोरीन आणायला गेलं तर त्यापासून विषारी वायू बनतो, म्हणून त्यावर अडसर. सुटे भाग दुहेरी वापराचे, म्हणजे लष्करालाही चालतील असे, म्हणून तेही संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंध समितीपुढे अडकलेले. आपल्याकडे नाशिकला गंगापूर धरण भरलेलं आहे, पण शुद्धीकरण केंद्राला आठवडाभर वीज नाही आणि क्लोरीनही नाही, असं समजा. सिडकोतलं किंवा जेलरोडचं लहान मूल त्या आठवड्यात कशाने आजारी पडेल हे सांगायला डॉक्टर लागत नाही. आठवड्याच्या जागी वर्षं ठेवा. तेलाच्या बदल्यात अन्न आणायची योजना प्रत्यक्ष सुरू झाली ती १९९६ च्या डिसेंबरात, म्हणजे सहा वर्षांनी. शिवाय त्या पैशातून सुरुवातीला तीस टक्के युद्धाच्या भरपाईसाठी कापून घेतले जात.

जाता जाता नाशिकरोडवाल्यांसाठी एक गंमत, म्हणजे खरं तर गंमत नाही. इराकच्या जुन्या नोटा इंग्लंडात छापून यायच्या. निर्बंधांनी ते बंद झालं. मग हुकूमशहा सद्दाम हुसेनने देशातच साध्या कागदावर, हव्या तितक्या नोटा छापल्या. दिनार कोसळला, मास्तरांचा पगार महिन्याला काही डॉलरवर आला. आमच्या शेजारी इथल्या नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेले एक अण्णा राहतात. त्यांना हे सांगितलं तर महागाईचं सोडून ते म्हणाले, "वॉटरमार्क नव्हता म्हणतोस?" प्रत्येकाला आपल्या कामाचं दुःख आधी दिसतं.

इथे एक आकडा नेहमी फेकला जातो, पाच लाख मुलं मेली. मी तो वापरणार नाही. नंतरच्या पाहण्यांत बालमृत्यू एवढे वाढल्याचं दिसलं नाही आणि त्या आकड्यांत सद्दामच्या सरकारने हात घातला होता, असं संशोधकांनी दाखवून दिलं आहे. पण १९९६ मध्ये अमेरिकेच्या संयुक्त राष्ट्रांतल्या राजदूत मॅडलिन ऑलब्राइट यांना टीव्हीवर हाच आकडा सांगून विचारलं गेलं, की एवढी किंमत योग्य आहे का? त्यांनी आकडा नाकारला नाही. निवड अवघड आहे, पण ही किंमत योग्य वाटते, असं उत्तर दिलं. पुढे त्यांना त्या उत्तराचा पश्चात्ताप झाला. माझा मुद्दा त्या उत्तराचा आहे. आकडा खोटा निघाला तरी खरा धरून दिलेलं उत्तर खोटं होत नाही.

कट्ट्यावर मी म्हणालो होतो, निर्बंध म्हणजे ओपी नसलेला तोफखाना. गोळा कुठे पडला हे बघायला पुढे कुणी नाही. घरी येऊन विचार केला तेव्हा माझंच वाक्य मला चुकीचं वाटलं. ओपी होता की! डेनिस हॅलिडे संयुक्त राष्ट्रांचा बगदादमधला मुख्य मदत अधिकारी होता. चौतीस वर्षांची नोकरी, आणि १९९८ मध्ये त्याने राजीनामा दिला, कारण जे चाललंय त्याला तो नरसंहार म्हणत होता. त्याच्या जागी हान्स फॉन स्पोनेक आला. दीड-दोन वर्षांत, २००० मध्ये, त्यानेही राजीनामा दिला. दोघंही पुढच्या कड्यावर बसून ओरडत होते, स्टॉप. मागे ऐकू येत होतं. तोफा चालू राहिल्या. कुवेत फेब्रुवारी १९९१ मध्येच मोकळं झालं होतं, निर्बंध उठले मे २००३ मध्ये, आणि तेही सद्दामला रणगाडे नेऊन हाकलल्यावर. आधी युद्ध, मग निर्बंध, मग पुन्हा युद्ध. 'युद्धाऐवजी निर्बंध' यातलं 'ऐवजी' मला तरी कुठे सापडलं नाही.

"उपाशी जनता हुकूमशहाला खाली खेचते." असं म्हणणाऱ्याने रामशेज चढून यावं. इथून जवळच आहे, सुट्टीच्या दिवशी निम्मं नाशिक तिथे असतं. १६८२ मध्ये औरंगजेबाच्या फौजेने त्याला वेढा घातला. एवढासा किल्ला, पण वर्षानुवर्षं हटला नाही. तोफा नव्हत्या तर लाकडाच्या करून त्यावर कातडं चढवलं असं सांगतात. (गनर म्हणून मला हे ऐकून अजून काळजी वाटते, त्या तोफेमागे उभं कोण राहिलं असेल!) वेढ्यातल्या माणसाला राग येतो तो वेढा घालणाऱ्याचा. किल्लेदाराला शिव्या घालायला त्याला सवड कुठे असते?

लांब कशाला, आपल्यावरच निर्बंध आले होते. मे १९९८ मध्ये पोखरणला स्फोट झाले आणि अमेरिका, जपानने मदत थांबवली. आपण वाजपेयींना खाली खेचलं का? पेढे वाटले. त्याच ऑगस्टमध्ये परदेशातल्या भारतीयांनी स्टेट बँकेच्या रोख्यांत चार अब्ज डॉलरच्या वर पैसे ओतले. त्याआधी, १९६५ च्या सुमारास, अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन साहेब त्यांच्या गव्हाची जहाजं मोजून मोजून सोडत होते. शास्त्रीजींनी सोमवारी एक वेळ उपास करा म्हटलं आणि लोकांनी तो केला. माझी आई लाल मिलोच्या, म्हणजे अमेरिकेहून यायच्या त्या ज्वारीच्या, भाकरीला मरेपर्यंत नावं ठेवत होती, पण शिव्या शास्त्रीजींना नाही, मिलोला. आणि जरा जॉन्सनला.

यावर ग्रुपवरच एकाने कांद्याचा दाखला दिला, आणि तो बिनतोड वाटावा असा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, लासलगावला भाव पडले, चांदवडला शेतकरी रस्त्यावर उतरला, आणि २०२४ मध्ये दिंडोरीत केंद्रातल्या मंत्री पडल्या. मग खिसा कापला की माणूस सरकार बदलतो, हे खरंच नाही का? खरं आहे. पण बदलायला आपल्याकडे मतपेटी होती. बगदादच्या टॅक्सीवाल्याकडे काय होतं? त्याच्याकडे रेशन कार्ड होतं, आणि ते सद्दामच्या हातात होतं. निर्बंधांनी देशातला बाजार मोडला, आणि दाणागोटा वाटण्याचा मक्ता आपोआप सरकारकडे गेला. जो वाटतो त्याच्याविरुद्ध रांगेत उभं राहून कोण बोलणार? तो हुकूमशहा निर्बंधांनी दुबळा झाला नाही, तर घराघरात शिरला. क्युबावर १९६२ पासून अमेरिकेची बंदी आहे. कॅस्ट्रो तिच्या छाताडावर बसून चाळीसहून जास्त वर्षं राज्य करून, आजारपणामुळे बाजूला झाला.

दक्षिण आफ्रिकेचा दाखला मात्र मी मान्य करतो. तिथे गोऱ्यांची वर्णभेदी राजवट हटवायला निर्बंधांनी हातभार लावला, आणि त्यात आपण आघाडीवर होतो. १९४६ मध्येच आपल्या देशाने त्यांच्याशी व्यापार तोडला होता, स्वातंत्र्यही मिळालं नव्हतं तेव्हा. पण नीट बघा. तिथल्या काळ्या जनतेचे पुढारी स्वतः सांगत होते, आमच्यावर बहिष्कार टाका, आम्ही सोसू. अल्बर्ट लुथुलीने १९५९ मध्येच ते आवाहन केलं होतं. मारणाऱ्याने लादलेला उपास आणि आपण होऊन धरलेला उपास यांत फरक आहे की नाही? दुसरं, तिथे मुख्यतः तोडलं ते शस्त्रं, कर्ज, क्रिकेट. लेकरांचं दूध नव्हे. तिसरं, मतपेटी तिथेही होती, फक्त गोऱ्यांसाठी. १९९२ च्या सार्वमतात सुमारे ६९ टक्के गोऱ्यांनी बदलाच्या बाजूने मत दिलं. ज्यांना टोचायचं त्यांनाच टोचलं, आणि त्यांच्या हातात काहीतरी करण्याजोगं होतं.

म्हणून सरसकट सगळेच निर्बंध नकोत असं मी म्हणत नाही. शस्त्रास्त्रं विकू नका, सत्ताधाऱ्यांची परदेशी खाती गोठवा, सेनापतींच्या पोरांचे व्हिसा रद्द करा, माझा सॅल्यूट. मी विचारतो ते एवढंच, की नेम कुणावर आहे, पुढे बघायला कोण बसलंय, आणि तो स्टॉप म्हणाला तर मागे ऐकणार का.

राहता राहिलं पेन्शन. ॲडमिरल रामदास आपले नौदलप्रमुख होते, १९९० ते ९३. १९७१ च्या युद्धात पूर्व पाकिस्तानची समुद्रातून नाकेबंदी केली त्यात 'आयएनएस बियास'चे कप्तान तेच होते, त्याबद्दल वीरचक्र मिळालं. तीच व्यक्ती निवृत्तीनंतर अलिबागजवळ राहून भारत-पाकिस्तान शांततेसाठी आणि अणुशस्त्रांविरुद्ध आयुष्यभर बोलत राहिली, २००४ मध्ये त्यासाठी मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्याने स्वतः नाकेबंदी केली त्याला ती काय असते हे मेसेज लिहिणाऱ्यापेक्षा जास्त ठाऊक असावं. त्यांच्याकडे कुणी पेन्शन परत मागितलं असेल तर मागणाऱ्याचं धाडस मोठं.

माझं म्हणाल तर मी परवा बँकेत गेलो होतो. खिडकीवरच्या ताईंना विचारलंच, पेन्शन परत करायचं असेल तर कुठला फॉर्म भरायचा? त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "काका, हयातीचा दाखला नोव्हेंबरात आणायचा, आत्ता नाही."