टीडीएस पेनवर नदीची तब्येत कळत नाही

पुण्याच्या मुठा नदीत टीडीएस पेन (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा दाखवणारं छोटं यंत्र) बुडवायचं, 210 आकडा दाखवायचा आणि म्हणायचं, 'बघा, बोअरपेक्षा शुद्ध! प्रदूषण मंडळवाले उगाच घाबरवतात.' हा व्हिडिओ फिरत फिरत आमच्या आत्यापर्यंत पोचला. तिचा प्रश्न : मग पोरांना नदीत डुंबू द्यायला काय हरकत? हरकत आहे, आणि चांगलीच आहे.

ते पेन पाण्यातून वीज किती सहज वाहते एवढंच मोजतं आणि त्याला ठरलेल्या गुणकाने गुणून क्षारांचा अंदाज दाखवतं. घरी करून बघा. ग्लासभर पाण्यात चमचाभर साखर विरघळवा, आकडा जवळपास ढिम्म. चिमूटभर मीठ टाका, लगेच उडी मारेल. जंतू तर त्याला दिसतच नाहीत. मुठेत येणारं खडकवासला धरणाचं पाणी मुळात कमी क्षारांचं; त्यात मैलापाणी मिसळूनही आकडा बोअरच्या खाली राहू शकतो. बोअरचे क्षार खडकातले असतात, गटारातले नव्हेत.

नदीसाठी बघायचा तो बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जंतू किती ऑक्सिजन खातात त्याचा आकडा. 300 मिलिलिटरची बाटली एकही बुडबुडा न ठेवता भरतात, 27 अंशांवर तीन दिवस अंधारात ठेवतात आणि ऑक्सिजन किती घटला ते मोजतात. घाण पाणी पातळ न करता ठेवलं तर ऑक्सिजन आधीच संपतो आणि बीओडी फसवा कमी येतो. आंघोळीच्या पाण्यात बीओडी लिटरला 3 मिलिग्रॅमच्या वर नको, विरघळलेला ऑक्सिजन 5 च्या खाली नको, विष्ठेतले कोलिफॉर्म जंतू 100 मिलिलिटरला फार तर 2500. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2022 च्या यादीत देशातले 311 प्रदूषित नदीपट्टे आहेत, त्यातले 55 महाराष्ट्रात, सर्वांत जास्त. ती यादी बीओडीवर ठरते, टीडीएसवर नाही.

'मासे जिवंत आहेत ना?' मांगूर वर येऊन हवा घेतो, त्याची साक्ष कशाला काढता? 'दुपारी ऑक्सिजन 9 आला.' शेवाळ माजलं की ते दुपारी उन्हात ऑक्सिजन सोडणारच, रात्री तेच तो खातं. सूर्योदयाआधी मोजा.

पेन अगदीच टाकाऊ नाही, हे मात्र खरं. 1413 मायक्रोसिमेन्स वीजवाहकतेच्या प्रमाण द्रावणात तपासून घेतलं आणि रोज एकाच जागी, एकाच वेळी मोजलं, तर आकड्याची अचानक उडी वरच्या अंगाला कुणीतरी क्षारयुक्त सांडपाणी सोडल्याची खूण ठरू शकते. तेव्हा लगेच बाटली भरा, बर्फात ठेवा आणि प्रयोगशाळेत द्या.